थर्मामीटर की बर्फाचा तराजू? एका आकड्याचा इतिहास

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांशी बोलताना मी एक प्रश्न हमखास विचारते: "तुम्ही नक्की काय मोजणार आहात?" उत्तरं साधारण ठरलेली असतात. कुणी म्हणतं पुराकाळातलं तापमान, कुणी म्हणतं जुना पाऊस, कुणी म्हणतं समुद्राची पातळी. खरं सांगायचं तर यातलं काहीच कुठलंही यंत्र मोजत नाही. एक लाख वर्षांपूर्वीच्या समुद्रात थर्मामीटर बुडवायला कोण जाणार? यंत्र देतं ते फक्त एक गुणोत्तर. त्या गुणोत्तराचं तापमान आपण करतो, आणि ते करताना काही गोष्टी गृहीत धरतो.

हा फरक समजून घ्यायला मला ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा इतिहास सगळ्यात उपयोगी वाटतो. १९५५ साली समुद्राच्या गाळातल्या कवचांवरून एक निष्कर्ष निघाला की हिमयुगात उष्ण कटिबंधातला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे ६ अंशांनी थंड होता. १९६७ साली दुसऱ्या एका संशोधकाने दाखवलं की त्याच प्रकारच्या आकड्यांमागचं मोठं कारण तापमान नसून ध्रुवांकडे साठलेला बर्फ आहे. गंमत म्हणजे पहिल्याची मोजमापं चुकीची आहेत असं कोणी म्हटलं नाही. आकडे तसेच राहिले, अर्थ बदलला. हे कसं झालं ते टप्प्याटप्प्याने बघूया.

एका प्रश्नातून निघालेली कल्पना

हॅरल्ड युरी हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, शोधल्याबद्दल त्यांना १९३४ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शिकागो विद्यापीठात आले. १९४६ च्या अखेरीस झुरिकमध्ये त्यांचं समस्थानिकांवर व्याख्यान झालं. ते संपल्यावर पॉल निग्ली या स्फटिकशास्त्रज्ञांनी विचारलं, की समुद्रात तयार झालेला चुनखडक आणि गोड्या पाण्यात तयार झालेला चुनखडक समस्थानिकांवरून वेगळे ओळखता येतील का?

युरींनी परत जाऊन गणित मांडलं. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वस्तुमानाचे असतात, आणि हजारात साधारण दोन अणू १८ वस्तुमानाचे, म्हणजे जड. पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट तयार होताना त्यात जड ऑक्सिजन पाण्यातल्यापेक्षा थोडा जास्त शिरतो. किती जास्त, हे तापमानावर अवलंबून असतं. पाणी जितकं थंड, तितका कवचात जड ऑक्सिजन अधिक. म्हणजे प्राणी मेला, कवच गाळात गाडलं गेलं, लाखो वर्षं लोटली, तरी ते कोणत्या तापमानात बनलं याची खूण त्यात राहू शकते. १९४७ साली समस्थानिकांच्या ऊष्मागतिकीवरचा त्यांचा प्रसिद्ध पेपर आला.

कल्पना आणि मोजमाप यांच्यामधली वर्षं

कागदावर कल्पना झकास होती, पण मोजायचं काय होतं ते बघा. एक कोटी ऑक्सिजन अणू घेतले तर त्यात जड अणू साधारण वीस हजार. तापमान एक अंशाने बदललं तर त्या वीस हजारांत फरक पडतो फक्त चार-पाच अणूंचा! तेव्हाच्या मास स्पेक्ट्रोमीटरना इतका बारीक फरक पकडता येत नव्हता.

मग शिकागोच्या गटाने एकेक अडचण सोडवायला घेतली. आल्फ्रेड निअर यांच्या रचनेवर आधारलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांनी सुधारणा केल्या. नमुन्याचा वायू आणि एका ठरलेल्या प्रमाणित पदार्थाचा वायू आलटून-पालटून यंत्रात सोडायचा आणि दोघांतला फरक मोजायचा, अशी ती पद्धत. यंत्राची स्वतःची हळूहळू होणारी घसरण दोन्ही वायूंना सारखीच लागू होते, त्यामुळे फरक घेताना ती निघून जाते. हे काम १९५० साली प्रसिद्ध झालं. प्रमाणित पदार्थ म्हणून त्यांनी साउथ कॅरोलिनातल्या पीडी थरातलं एक बेलेम्नाइट वापरलं. बेलेम्नाइट म्हणजे आपल्या माकुलाचा नामशेष झालेला नातलग. त्या जीवाश्माची पूड कधीच संपली, पण जगभरातल्या प्रयोगशाळा कार्बोनेटचे आकडे आजही त्याच मोजपट्टीवर देतात.

त्याच वर्षी जॉन मॅक्रे यांनी फॉस्फोरिक आम्लाने कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड काढायची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे. सॅम्युएल एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ज्ञात तापमानाच्या पाण्यात वाढलेली शंख-शिंपल्यांची कवचं मोजून गुणोत्तर आणि तापमान यांना जोडणारं समीकरण बसवलं. ते १९५१ साली आलं आणि १९५३ साली सुधारून पुन्हा आलं.

१९५१ मध्येच या गटाने थर्मामीटर चालतो हे दाखवणारं एक सुंदर उदाहरण दिलं. ज्युरासिक काळातल्या एका बेलेम्नाइटच्या कवचाचे आतून बाहेरपर्यंत थर काढून त्यांनी मोजले. आकडे लाटेसारखे वरखाली होत गेले. त्यावरून त्यांनी सांगितलं की या प्राण्याने तरुणपणानंतर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले, तो साधारण चार वर्षांचा होऊन वसंतात मेला, आणि तो ज्या पाण्यात राहिला त्याचं सरासरी तापमान १७.६ अंश सेल्सिअस होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचे ऋतू मोजता आले, यावरून तेव्हाचा उत्साह तुमच्या लक्षात येईल.

एमिलियानी आणि समुद्राचा गाळ

चेझारे एमिलियानी हे इटलीतल्या बोलोन्याचे, सूक्ष्मजीवाश्मांचे अभ्यासक. १९४८ साली ते शिकागोला आले. त्यांना फोरॅमिनिफेरा ओळखता येत होते, आणि युरींच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर तयार होता. फोरॅमिनिफेरा म्हणजे समुद्रातले एकपेशीय जीव, आकार वाळूच्या कणाएवढा, कवच कॅल्शियम कार्बोनेटचं. काही प्रजाती पृष्ठभागाजवळ तरंगतात, काही तळाच्या चिखलात राहतात. मेल्यावर दोघांचीही कवचं तळाशी साठत जातात.

समुद्रतळातून काढलेल्या लांब दंडगोल गाभ्यांमधून एमिलियानींनी तरंगणाऱ्या प्रजातींची कवचं थराथराने वेचली आणि मोजली. १९५५ साली प्लाइस्टोसीन काळातल्या तापमानांवरचा त्यांचा पेपर 'जर्नल ऑफ जिऑलॉजी'त आला. आलेखात गुणोत्तर पुन्हा पुन्हा वरखाली होत होतं. जमिनीवरच्या पुराव्यांवरून तेव्हा चारच मोठी हिमयुगं मानली जात. समुद्राचा गाळ त्याहून जास्त चढ-उतार दाखवत होता. त्यांनी प्रत्येक चढ-उताराला क्रमांक दिला. आजचा उबदार काळ १, शेवटचं हिमयुग २, असं मागे मागे. विषम आकडा उबदार, सम आकडा थंड.

आता कळीचा मुद्दा. कवचातलं गुणोत्तर दोन गोष्टींवर ठरतं. एक, पाण्याचं तापमान. दोन, त्या पाण्यात मुळात जड ऑक्सिजन किती होता. समुद्राचं पाणी वाफ होताना हलका ऑक्सिजन जास्त सहज उडतो. ढग ध्रुवांकडे जाताना जड ऑक्सिजन आधी पावसात गळून पडतो. शेवटी ध्रुवांजवळ पडणारा हिम चांगलाच हलका असतो. हिमयुगात असा हलका बर्फ हजारो मीटर जाडीने जमिनीवर अडकून पडतो आणि मागे राहिलेला समुद्र जड होतो.

म्हणजे पाणी थंड झालं तरी कवच जड होतं आणि बर्फ वाढला तरी कवच जडच होतं. दोन्ही कारणं आकड्याला एकाच दिशेला ढकलतात.

घरचं उदाहरण घ्या. विजेचं बिल दुप्पट आलं. आपण वीज जास्त वापरली की दर वाढला? नुसत्या बिलाच्या रकमेवरून सांगता येणार नाही. एक समीकरण आहे आणि अज्ञात दोन.

एमिलियानींना ही अडचण पूर्ण माहीत होती. युरींच्या गटात शिकलेल्या माणसाला ती ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. त्यांनी बर्फाच्या परिणामाचा अंदाज बांधला आणि तो वजा केला. कॅरिबियनमध्ये हिमयुग आणि उबदार काळ यांच्यात एकूण फरक हजारी सुमारे १.८ होता. बर्फाचा वाटा त्यांनी हजारी सुमारे ०.४ धरला. उरलेला १.४ तापमानाचा. एका अंशाला साधारण ०.२२ या हिशेबाने ६ अंश.

या ०.४ मागे एक गृहीतक होतं: हिमयुगातला बर्फ समुद्राच्या पाण्यापेक्षा सरासरी हजारी १५ ने हलका असावा. ते गृहीतक बदललं तर काय होतं, हे वही-पेन घेऊन स्वतः करून बघा. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटर धरा आणि हिमयुगात पातळी १२० मीटर उतरली असं माना. राहिलेलं पाणी ३,५८० मीटर. बर्फ हजारी १५ ने हलका असेल तर समुद्र जड होतो १२० गुणिले १५ भागिले ३,५८०, म्हणजे हजारी ०.५. बर्फ ३० ने हलका असेल तर १.०. आणि ४० ने हलका असेल तर १.३. म्हणजे एका गृहीतकावर उष्ण समुद्राची थंडी ६ अंशांवरून दोन-तीन अंशांवर येते.

हा वाद फक्त तज्ज्ञांच्या खोलीतला नव्हता. हिमयुगात उष्ण कटिबंध सहा अंशांनी थंड झाला की दोन-तीन अंशांनी, यावर पृथ्वीचं हवामान किती संवेदनशील आहे याचा अंदाज बदलतो. पुढच्या हवामानाबद्दल आपण जे बोलतो, त्याची परीक्षा भूतकाळाच्या अशाच आकड्यांवर होते.

बंद घराचं बिल

निकोलस शॅकलटन हे केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकले आणि मग चतुर्थक काळाच्या संशोधनाकडे वळले. त्यांनी प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. बर्फ किती हलका होता यावर वाद घालत बसण्यापेक्षा, तापमान जिथे फार बदलूच शकत नाही अशी जागा शोधायची.

बिलाच्या उदाहरणात सांगायचं तर, असं घर शोधा जिथे माणसं गावाला गेलीत आणि फक्त फ्रिज चालू आहे. तिथे वापर वाढणं शक्य नाही. त्या घराचंही बिल शेजाऱ्यांइतकंच वाढलं असेल, तर दर वाढला.

समुद्रात असं घर म्हणजे खोल तळ. तिथलं पाणी आजच शून्याच्या थोडं वर, दोनेक अंशांवर आहे. ते अजून किती थंड होणार? गोठणबिंदू जवळच आहे. त्यामुळे तळात राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या कवचात हिमयुग आणि उबदार काळ यांच्यातला फरक पृष्ठभागावरच्या प्रजातींइतकाच मोठा निघाला, तर तो तापमानाचा असू शकत नाही. तो पाण्याचाच, म्हणजे बर्फाचा.

हे म्हणायला सोपं, करायला अवघड. तळाच्या प्रजाती गाळात फार थोड्या सापडतात. मोजायला पुरेशी कवचं जमवणं हीच मोठी अडचण. शॅकलटन यांनी आधी अगदी छोट्या नमुन्यांवर बारीक मोजमाप करता येईल अशी यंत्रपद्धत बसवली आणि १९६५ साली ती प्रसिद्ध केली. मग मोजमापं. १९६७ साली 'नेचर'मध्ये प्लाइस्टोसीन तापमानांचं फेरमूल्यांकन करणारा त्यांचा छोटा पेपर आला. तळाच्या आणि पृष्ठभागाच्या कवचांतला फरक जवळपास सारखा होता. निष्कर्ष असा की एमिलियानींचा आलेख मुख्यतः बर्फाच्या साठ्याचा आलेख आहे. पीएच.डी.ही त्यांना त्याच वर्षी मिळाली.

शॅकलटन एकटे नव्हते. स्वीडनचे एरिक ओलाउसन यांनी १९६५ मध्येच बर्फाचा वाटा मोठा असल्याचं मांडलं होतं. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड ग्रीनलंडच्या हिमस्तरातून काढलेला बर्फ थेट मोजत होते, आणि हिमयुगातला तो बर्फ गृहीत धरल्यापेक्षा बराच हलका निघाला. १९६९ साली डान्सगार्ड आणि हेन्रिक टाउबर यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की निदान ७० टक्के फरक बर्फाचा आहे. दोन वेगळे पुरावे, दोन वेगळ्या वाटा, उत्तर जवळपास एक. म्हणूनच ते पटलं.

उणीव कामाला आली

आता वाटेल, थर्मामीटर बिघडला, कथा संपली. झालं उलटंच. तापमान प्रत्येक समुद्रात वेगळं बदलतं. पण बर्फाचा परिणाम सगळ्या महासागरांत जवळपास सारखा पोहोचतो, कारण समुद्राचं पाणी हजारेक वर्षांत एकमेकांत मिसळतं. म्हणजे कॅरिबियनमधला चढ आणि प्रशांत महासागरातला चढ एकाच काळातला. जगभरच्या गाळाचे थर एकमेकांशी जुळवायचं साधनच हाती आलं.

१९७३ साली शॅकलटन आणि नील ऑप्डाइक यांनी पश्चिम प्रशांत महासागरातल्या व्ही२८-२३८ या गाभ्यावरचं काम प्रसिद्ध केलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं ती खूण त्याच गाभ्यात सापडली. ती घटना तेव्हा सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीची मानली जात होती (आज आपण ती पावणेआठ लाखांच्या आसपास धरतो). त्यामुळे आलेखाला पक्का काळ मिळाला, आणि एमिलियानींनी धरलेली कालमोजणी आखूड होती हेही कळलं. १९७६ साली जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागरातले दोन गाभे वापरून दाखवलं की हिमयुगांच्या लयीत पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसातल्या बदलांची चक्रं दिसतात. मिलुटिन मिलांकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या गणिताला त्यातून मोठा आधार मिळाला.

एमिलियानींचं काय? तापमानाची बाजू त्यांनी सहज सोडली नाही. पण १९७४ साली एमिलियानी आणि शॅकलटन यांनी मिळून 'सायन्स'मध्ये पेपर लिहिला. आणि एमिलियानींनी दिलेले क्रमांक? ते आज जगभर वापरले जातात. क्रमांक ३ खरं तर पुरेसा उबदार नव्हता, विषम-समचा नियम तिथे नीट बसत नाही. तरी तो आकडा तसाच चालू आहे, कारण क्रमांक मोजमापावर उभे होते आणि मोजमाप भक्कम होतं.

आणि शॅकलटन पूर्ण बरोबर होते का?

तेही नाही. हिमयुगातल्या समुद्राचं थोडं पाणी गाळाच्या कणांमध्ये अडकून आजही शिल्लक आहे. डॅनियल श्रॅग आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून ते मोजलं, तेव्हा समुद्र हजारी सुमारे १ ने जड झाल्याचं दिसलं. तळाच्या कवचांतला फरक त्याहून मोठा आहे. म्हणजे खोल पाणीही थंड झालं होतं, जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत. बंद घरातला वापरसुद्धा थोडा बदलला होता! २००० साली खुद्द शॅकलटन यांनीच 'सायन्स'मधल्या पेपरमध्ये खोल पाण्याच्या तापमानाचा वाटा वेगळा काढून त्याचं महत्त्व मांडलं.

पाण्यातल्या जड ऑक्सिजनचा अंदाज न बांधता तापमान काढायची वाटही पुढे सापडली. जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांना किती वेळा चिकटतात हे मोजायचं. कार्बोनेटसाठी ही पद्धत मांडणाऱ्या २००६ च्या पेपरचे पहिले लेखक प्रोसेनजित घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

आपल्या बाजूच्या समुद्रांत तर आणखी एक अज्ञात आहे. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं हलक्या ऑक्सिजनचं पाणी येऊन मिसळतं, अरबी समुद्रात बाष्पीभवन जोरात असतं. त्यामुळे इथल्या कवचांत तापमान, बर्फ आणि मान्सून हे तिन्ही एकत्र असतात. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा इथले अभ्यासक याच गुंत्यातून जुना मान्सून वाचतात. यांपैकी कुठे जायचा विचार असेल तर हा इतिहास तुमच्या थेट कामाचा आहे.

प्रपोजल लिहिताना

या गोष्टीतून मी माझ्या कामासाठी तीन सवयी घेतल्या आहेत. पटल्या तर तुम्हीही घ्या.

पहिली: यंत्रातून येणारा आकडा आणि आपला निष्कर्ष यांसाठी वहीत दोन वेगळे रकाने ठेवा, आणि मधल्या रकान्यात गृहीतकं लिहा. एमिलियानींच्या पेपरवर नंतर नीट वाद होऊ शकला, कारण बर्फाचा किती वाटा वजा केला हे त्यांनी उघड लिहिलं होतं.

दुसरी: प्रत्येक गृहीतक दुप्पट आणि निम्मं करून बघा. निष्कर्ष किती हलतो? वरचं बर्फाचं गणित पाच मिनिटांचं आहे. सगळ्यात जास्त हलवणारं जे गृहीतक असेल, त्यावर पहिल्या वर्षाचा वेळ घाला.

तिसरी: तुमच्या विषयातलं बंद घर शोधा. दोन कारणं एकत्र गुंतली असतील, तर त्यातलं एक जिथे बदलूच शकत नाही असा नमुना कुठे मिळेल? गाईडबरोबरच्या पहिल्या चर्चेत हा प्रश्न ठेवा. उत्तर लगेच नाही मिळालं तरी चालेल. शॅकलटन यांना त्यासाठी आधी यंत्रपद्धत सुधारावी लागली होती.